म्हणे, इलेक्ट्रिक सेडान म्हणजे चाकं लावलेला मोबाइल

"पन्नास लाखांची इलेक्ट्रिक सेडान घेणं म्हणजे चाकं लावलेला मोबाइल घेणं. सिग्नलला पुढे पळेल, घाटात वजनाने मार खाईल. पाच वर्षांत बॅटरी बसेल. पैसे वाचतात ही थाप आहे, वीज शेवटी कोळशाचीच. गोव्याला निघालात तर निम्मी सुट्टी चार्जरपाशी जाईल. ना गिअर, ना आवाज. आणि विकायला काढलीत की रडाल. खरा ड्रायव्हर सहा सिलिंडरचं पेट्रोलच घेतो."

हा मजकूर मला आतापर्यंत चार जणांनी पाठवला. त्यातल्या मावसभावाने वर "वाच आणि शहाणा हो" अशी ओळही जोडली होती. तो स्वतः रिक्षाने फिरतो, तो भाग वेगळा.

माझ्याकडे चार वर्षं सहा सिलिंडरची पेट्रोल स्पोर्ट्स सेडान होती, आता दीड वर्ष इलेक्ट्रिक आहे. म्हणून उत्तर द्यायचा थोडा हक्क आहे असं धरून चालतो. माझ्या गाड्यांची नावं राहू देत. तुलनेला आपल्याकडच्या रस्त्यांवर दिसणारी जोडी घेऊ. एकीकडे बीएमडब्ल्यूची एम३४०आय: तीन लिटरचं सहा सिलिंडर इंजिन, ३७४ अश्वशक्ती, शून्य ते शंभर ४.४ सेकंदांत. दुसरीकडे चिनी कंपनी बीवायडीची इलेक्ट्रिक सेडान, सील परफॉर्मन्स, जी मार्च २०२४ मध्ये ५३ लाखांना भारतात आली: ५३० अश्वशक्ती, शून्य ते शंभर ३.८ सेकंदांत.

सिग्नलचं मजकुरानेच मान्य केलंय, तेव्हा थेट घाटात जाऊ.

सीलचं वजन २१८५ किलो. एम३४०आय साडेसतराशेच्या आसपास. म्हणजे चारशे किलोंहून जास्त फरक आहे, पाचसहा माणसं कायमची गाडीत बसवल्यासारखा. हे खोटं नाही. पण "मार खाईल" म्हणजे नेमकं काय होईल? खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत गाडी साधारण साडेपाचशे मीटर वर चढते. दोन माणसांसकट एवढं वजन तेवढ्या उंचीवर न्यायला लागते साडेतीन युनिट वीज, मोटरमधली घट धरून चार. ८२ युनिटांच्या बॅटरीतले पाच टक्के. बोरघाट चढताना इलेक्ट्रिक गाडीला धाप लागत नाही, गिअर पाडावा लागत नाही, आणि ट्रकमागून बाहेर पडताना टर्बोची, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्याची, वाट बघावी लागत नाही.

खरी गंमत उतरताना आहे. चढताना घातलेल्या विजेतली निम्म्याहून जास्त परत बॅटरीत येते, कारण उतारावर मोटरच जनित्र होते. माझ्या पेट्रोल गाडीत तीच ऊर्जा ब्रेकच्या वासाच्या रूपाने परत मिळायची. एक मात्र आहे: लोणावळ्यात रात्रभर लावून शंभर टक्के भरून निघालात तर बॅटरीत जागाच नसते, आणि पहिले काही किलोमीटर तुम्हीही ब्रेकवरच असता. नव्वदला थांबवा.

वजनामुळे वळणांवर वेग जमतच नाही, या समजुतीला जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंग ट्रॅकने उत्तर दिलंय. २०.८ किलोमीटरच्या त्या फेरीला पेट्रोलवरच्या बीएमडब्ल्यू एम३ सीएसने २०२३ साली ७ मिनिटं २८ सेकंद घेतले. त्याच वर्षी पोर्शेच्या इलेक्ट्रिक टायकानची टर्बो जीटी ७ मिनिटं ७ सेकंदांत आली. ही तुलना बरोबरीची नाही, त्या टायकानची ताकद आणि किंमत दोन्ही भलत्याच आहेत. पण वजन म्हणजे वळणांवर मरण, एवढं तरी त्यातून खोडलं जातं. जड बॅटरी फरशीखाली पसरलेली असते, त्यामुळे गाडीचा गुरुत्वमध्य खाली राहतो. शिवाय पेट्रोलवाले तरी कुठे हलके राहिलेत? आठ सिलिंडरचं व्ही८ इंजिन आणि हायब्रिड बॅटरी घेऊन २०२४ साली आलेली बीएमडब्ल्यूची नवी एम५ २४३५ किलोंची आहे. बीएमडब्ल्यूचीच पूर्ण इलेक्ट्रिक आय५ एम६० तिच्यापेक्षा शंभरेक किलोंनी हलकी भरते.

आता कबुली. वरंधा घाटात, पाऊस नुकताच थांबलेला असताना, एकामागून एक उलटसुलट वळणं घेताना मला जुनी गाडी आठवते. तिचं स्टिअरिंग हाताशी बोलायचं. आताची गाडी वेगाने जाते, चिकटूनही राहते, पण वळण मोडून लगेच दुसरीकडे वळवताना तिचं अंग उशिरा येतं. "घाटात मजा कमी" असं कोणी लिहिलं असतं तर मी उत्तरच दिलं नसतं. "मार खाईल" हे कधी न चालवलेल्या माणसाचं वाक्य आहे.

पाच वर्षांत बॅटरी बसते, ही भीती कुठून आली तेही सांगायला हवं, कारण ती हवेतून आलेली नाही. निसानची लीफ २०१० च्या अखेरीस अमेरिकेत आली. तिच्या बॅटरीला थंड ठेवायला पाण्याची व्यवस्था नव्हती, नुसती हवा. अ‍ॅरिझोनाच्या उन्हात दीडदोन वर्षांत त्या गाड्यांची क्षमता दिसण्याइतकी घसरली आणि प्रकरण कोर्टात गेलं. आपल्या विदर्भातल्या मे महिन्याचा विचार करणाऱ्याला हे ऐकून धडकी भरणारच. पण आजच्या या वर्गातल्या गाड्यांत बॅटरीला द्रवाने थंड करणारी स्वतंत्र यंत्रणा असते. जिओटॅब या कॅनडातल्या कंपनीने हजारो गाड्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा क्षमतेतली घट सरासरी वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास निघाली. आज एका चार्जिंगमध्ये सव्वाचारशे किलोमीटर जाणारी गाडी आठ वर्षांनी साडेतीनशेच्या वर जाईल, असा त्याचा अर्थ. सीलच्या बॅटरीवर आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे. टर्बो पेट्रोल इंजिनावर इतकी वर्षं कंपनीकडून मिळते का, ते विचारून बघा.

बॅटरीबाबत काळजी करायचीच तर वेगळी करा. सीलमध्ये बॅटरीचं वरचं झाकण हीच गाडीची फरशी आहे. त्यामुळे गाडी ताठ होते, चालवायला छान. पण सोसायटीच्या कमिटीने स्वतःच्या कल्पनेने घातलेल्या एखाद्या गतिरोधकावर पोट जोरात आपटलं, तर प्रश्न थेट विम्याच्या सर्व्हेयरपर्यंत जातो. पाच वर्षांनी काय होईल याच्यापेक्षा पाच फुटांवर काय आहे हे मी जास्त बघतो.

"पैसे वाचतात ही थाप." हा मुद्दा मला सगळ्यात आवडला, कारण तो अर्धा खरा आहे आणि लिहिणाऱ्याला ते माहीत नाही.

वर्षाला बारा हजार किलोमीटर धरा. सहा सिलिंडरची गाडी पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये आणि थोड्या हायवेवर मिळून मला लिटरला साडेआठ द्यायची. कागदावर तेराचा आकडा असतो, तो कागदावरच शोभतो. म्हणजे चौदाशे लिटर, शंभरावर भाव धरून दीड लाखाच्या आसपास. इलेक्ट्रिकला तेवढ्याच अंतराला अडीच हजार युनिटं लागतात. घरी गाडीसाठी वेगळा मीटर असेल तर पंचवीस-तीस हजार रुपये. सगळं बाहेरच्या फास्ट चार्जरवर भरलं तरी साठ हजारांच्या आत. शिवाय बाजारात आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, आणि इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी. ज्यांना इथेनॉल इंजिनात नको असतं ते इंडियन ऑइलचं बिनइथेनॉलचं एक्सपी१०० पेट्रोल शोधत फिरतात. डिसेंबर २०२० मध्ये ते पुण्या-मुंबईसह दहा शहरांत आलं, पण त्याचा भाव ऐकून टाकी अर्धीच भरावीशी वाटते.

तरीही, पन्नास-सत्तर लाखांची गाडी घेणारा माणूस वर्षाच्या लाखभर रुपयांसाठी निर्णय बदलत नाही. बदलायला लावतो तो आरटीओ. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला, वैयक्तिक नावावर, १३ टक्के कर आहे. सत्तर लाखांची गाडी घेतली तर नऊ लाखांहून जास्त. कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. इलेक्ट्रिकला शून्य. २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर सुचवला होता, पण त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांनी तो मागे घेत असल्याचं विधिमंडळात जाहीर केलं. जीएसटी इलेक्ट्रिकवर ५ टक्के, मोठ्या पेट्रोल गाड्यांवर सप्टेंबर २०२५ पासून ४०, आणि त्याआधी सेस धरून त्याहून जास्त. अटल सेतू, समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर टोलमाफीही झाली, जरी सुरुवातीला फास्टॅगमधून पैसे कापले गेल्याच्या तक्रारी होत्या. ही सगळी सरकारची मेहेरबानी आहे, उद्या जाऊही शकते. पण आज गाडी घेणाऱ्याने आजचाच हिशेब करायचा असतो.

मग अर्धं खरं काय? ते शेवटच्या मुद्द्यात येतं.

कोळशाचं चटकन उरकतो. आपल्या विजेतला बहुतांश भाग कोळशाचा आहे, बरोबर. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशेबाने एका युनिटमागे साधारण ०.७३ किलो कार्बन डायऑक्साइड. वाटेतली गळती आणि चार्जिंगमधली घट उदार हाताने धरली तर सीलसारख्या गाडीचे किलोमीटरला १८५ ग्रॅमच्या आसपास होतात. एक लिटर पेट्रोल जळलं की २.३ किलो, साडेआठच्या अ‍ॅव्हरेजने किलोमीटरला २७० ग्रॅम, आणि यात रिफायनरी धरलेलीच नाही. बॅटरी बनवताना जास्तीचा धूर होतो, म्हणून ही आघाडी पहिल्या दिवसापासून नसते. पण मला सांगा, सहा सिलिंडरची गाडी घेणारा कोण पर्यावरणासाठी रात्र जागतो? हा मुद्दा मजकुरात फक्त टोमणा म्हणून आलाय.

गोव्याचंही थोडंसं खरं आहे. पुण्याहून कोल्हापूर दोनशे तीसेक किलोमीटर. तिथे तांबडा-पांढरा रस्सा खाऊन होईपर्यंत फास्ट चार्जर पणजीपर्यंतची सोय करून ठेवतो, आणि माझ्या घरच्यांना एवढ्या प्रवासात तासभर थांबा तसाही लागतोच. त्रास दिवाळीच्या सुट्टीत होतो. पुढे दोन गाड्या, एक चार्जर बंद, आणि तिसऱ्यासमोर कुणीतरी डिझेल एसयूव्ही लावून जेवायला गेलेला. गेल्या दिवाळीत मी असाच पावणेदोन तास बसलो होतो. पण वर्षातले असे दिवस दोन. उरलेल्या दिवसांत मी पंपावर जातच नाही, हे मजकूर लिहिणाऱ्याच्या गणितात नाही. फक्त, घरी किंवा सोसायटीत चार्जिंग पॉइंट मिळणार नसेल तर ही गाडी घेऊ नका. कमिटीची एनओसी आधी, बुकिंग नंतर.

गिअर आणि आवाज. या वर्गात गिअर हाताने टाकायची सेडान आपल्याकडच्या शोरूममध्ये शोधून दाखवा. एम३४०आयसुद्धा आठ गिअरांची ऑटोमॅटिकच आहे. आणि बीएमडब्ल्यूच्या केबिनमध्ये ऐकू येणाऱ्या त्या गुरगुरण्यातला काही वाटा स्पीकरमधून येतो, हेही अनेक मालकांना ठाऊक नसतं. तरी सहा सिलिंडरचं इंजिन सहा हजार आरपीएमला जे गातं, त्याला माझ्या गाडीकडे उत्तर नाही. कंपनीने भरलेला कृत्रिम आवाज मी दुसऱ्याच दिवशी बंद केला.

राहिलं विकताना रडणं. इथे मजकूर लिहिणारा बरोबर आहे, आणि त्याने हाच एक मुद्दा लिहिला असता तर मी गप्प बसलो असतो. नव्या इलेक्ट्रिक गाड्या दरवर्षी जास्त अंतर जाणाऱ्या निघतात, त्यांच्या किमती खाली येतात, आणि जुनी घेणाऱ्याला बॅटरीची तब्येत तपासायची सवय अजून लागलेली नाही. मी दर विचारायला गेलो तेव्हा वापरलेल्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने आधी चहा मागवला, मग आकडा सांगितला. आरटीओत वाचलेले सगळे पैसे त्या आकड्यात बुडत होते, वर पेट्रोलचे दोन वर्षांचेही. तीन वर्षांनी गाडी बदलणाऱ्याने ही गाडी घेऊच नये. मी चहा प्यायलो, त्यांना धन्यवाद दिले आणि कात्रजच्या बाजूने घरी आलो. आठ वर्षांची वॉरंटी आहे, साडेसहा उरलीत.