सटवाईचं पेन

परवा बहिणीच्या बाळाची पाचवी झाली. पाटा-वरवंटा मांडला, हळदकुंकू वाहिलं, शेजारी कोरा कागद आणि पेन. रात्री सटवाई येणार आणि बाळाच्या कपाळी काय ते लिहून जाणार. आईने ते पेन आधी वर्तमानपत्राच्या कडेला गिरवून बघितलं, चालतंय ना म्हणून. मला हसू आलं. मग रात्रभर डोक्यात तेच.

सगळं लिहिलेलंच असेल, तर उद्या या पोराने माती खाल्ली की रागवायचं कुणावर?

यावर आपल्याकडचं ठरलेलं उत्तर: देव करायला लावत नाही, तो फक्त जाणतो. पोरगं साखरेच्या डब्यात हात घालणार हे आईला माहीत असतं, म्हणून काही तिने तो घालायला लावला असं नाही. ऐकायला बरंय. पण आईचा अंदाज चुकतो (आमच्या आईचा तर हमखास). देवाचं जाणणं चुकूच शकत नाही म्हटलं, की पोराला हात मागे घ्यायला जागा उरते कुठे?

सहाव्या शतकात बोएथियस नावाच्या रोमन माणसाने तुरुंगात, डोक्यावर मृत्युदंड असताना, यावर तोड काढली. देवाला 'उद्या' नाहीच, सगळं एकदमच दिसतं. दिवेघाटाच्या माथ्यावरून वारी बघावी तसं समजा. खालच्या वारकऱ्याला पुढचं वळण दिसत नाही, वरच्याला अख्खी रांग दिसते, पण पाय वारकऱ्याचेच. मला हे अर्धं पटतं. वरून बघणाऱ्याने घाट बांधलेला नसतो ना! देवाने घाटही केला, पायही केले, कोण कुठे घसरणार हे ठाऊक असून केले. तिथे 'मी नुसता बघत होतो' कसं चालेल?

गीता तर दोन्ही सांगून मोकळी. अठराव्या अध्यायात 61व्या श्लोकात ईश्वर सगळ्यांना यंत्रावर बसवल्यासारखं फिरवतो, आणि दोनच श्लोक पुढे कृष्ण अर्जुनाला म्हणतो, 'यथेच्छसि तथा कुरु'. तुला वाटेल तसं कर. टिळकांनी गीतारहस्यात आत्मस्वातंत्र्यावर प्रकरण लिहिलं, तेही मंडालेच्या तुरुंगात. कोंडलेल्या माणसालाच हा प्रश्न जास्त चावत असावा.

मी आपला 63वा धरून चालतो. तो खोटा असेल तर एवढे अध्याय अर्जुनाची समजूत काढायची यातायात कशाला केली? देवाची सर्वज्ञता थोडी कमी भरली तरी चालेल मला, पण ती मोकळीक नाटकी नको.

सकाळी कागद कोराच होता. आईने घडी घालून कपाटात ठेवला. पेन मी ऑफिसला घेऊन आलोय.