पाणी आधी, गाणे नंतर?

गेल्या उन्हाळ्यात सोलापुरातील आमच्या घरच्या मंडळींत एक वाद रंगला आणि तो अजून पुरता मिटलेला नाही. सुटीच्या दिवसांत शहरातील बागांमध्ये आणि मैदानांवर महिनाभर संध्याकाळचे विनामूल्य कार्यक्रम व्हावेत, त्यात गाणे, नाटक, शाहिरी, मुलांची नाटुकली असे सगळे असावे आणि खर्च महापालिकेने उचलावा, अशी कल्पना धाकट्या भाच्याने मांडली. माझ्या थोरल्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, तिचा एका वाक्यात निकाल लावला. "नळाला चार-चार दिवस पाणी नाही आणि तुम्हाला गाणी सुचतात," असे तो म्हणाला. मी १९ वर्षे शिकागोत राहतो. दूरदेशी गेलेल्या माणसाचे मत घरात आदराने ऐकले जाते आणि तितक्याच आदराने बाजूला ठेवले जाते, हे ठाऊक असूनही मला या वादात भाच्याच्या बाजूने काही म्हणायचे आहे, आणि थोडे त्याच्या विरुद्धही.

शिकागोच्या ग्रँट पार्कमधील उन्हाळी मैफली १९३५ साली सुरू झाल्या, तेव्हा अमेरिका महामंदीत बुडालेली होती. बोलपट आल्यामुळे मूकपटांच्या थिएटरांत वाजवणाऱ्या वादकांची नोकरी आधीच गेली होती आणि मंदीने उरलीसुरली कामेही नेली. वादकांच्या कामगार संघटनेचे पुढारी जेम्स पेट्रिलो यांनी विनामूल्य मैफलींचा आग्रह धरला तो रसिकतेपोटी कमी आणि वादकांच्या हाताला काम मिळावे म्हणून अधिक. गाणे ही पोट भरल्यानंतरची गोष्ट आहे, हे दादाचे म्हणणे ऐकताना मला हा इतिहास आठवतो, कारण तिथे गाणे हाच काहींच्या पोटाचा प्रश्न होता. आपल्याकडेही लग्नसराई संपली की बँडवाले, हलगीवाले आणि सनईवाले पुढच्या मोसमाची वाट पाहत बसतात. ज्या शहराने एकेक करून गिरण्यांचे भोंगे बंद होताना ऐकले, त्या शहराला हे समजावून सांगावे लागू नये.

तरीही पाण्याचा मुद्दा खोटा नाही. ज्या घरातील बाई नळाची वेळ सांभाळण्यासाठी पहाटे उठते, तिला रात्रीच्या मैफलीचे निमंत्रण देणे ही थट्टा ठरू शकते. मला एवढेच वाटते की पाणी आणि गाणे एकाच तिजोरीतून भांडून पैसे घेतात हा समज तपासून पाहावा. जलवाहिनी, पंप आणि टाक्या यांना लागणारा पैसा आणि बागेतील एका व्यासपीठाला, चार दिव्यांना आणि कलावंतांच्या मानधनाला लागणारा पैसा यांची तुलनाच होत नाही. गाण्याचे पैसे वाचवल्याने उजनी धरणाचे पाणी एक दिवसही लवकर येणार नाही.

भाच्याशी माझा मतभेद वेगळ्या ठिकाणी आहे. त्याने इंटरनेटवर शिकागोची छायाचित्रे पाहिली आहेत. हिरवळीवर चादरी अंथरून बसलेली कुटुंबे, मागे उंच इमारती, पुढे वाद्यवृंद. (त्या हिरवळीवर मी शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा डबा उघडतो, हे छायाचित्रांत दिसत नाही.) तसेच्या तसे सोलापुरात उभारावे, असे त्याला वाटते. पण शिकागोकर उन्हाळ्यात बाहेर पडतात, कारण हिवाळ्याचे चार-पाच महिने त्यांना दाराआड काढावे लागतात. सोलापुरात पारा ४२-४३ अंशांवर जातो तेव्हा दाराआड बसण्याचा ऋतू उन्हाळा हाच असतो. आपली खरी मैदानी जत्रा, सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा, जानेवारीत भरते ती उगीच नाही. म्हणून शिकागोची साडेसहाची वेळ सोलापुरात चालणार नाही. साडेसातला, दिवस मावळून दगड थोडे निवल्यावर सुरुवात व्हावी आणि साडेनऊला शेवट.

उकाड्याचा मुद्दा मात्र दुसऱ्या बाजूनेही पाहता येतो. जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली आणि सातशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे प्रमाण मोठे होते. पुढे समाजशास्त्रीय अभ्यासात असे दिसले की शेजारशेजारच्या दोन गरीब वस्त्यांमध्येही मृत्यूंचे प्रमाण फार वेगळे होते. जिथे दुकाने उघडी होती, रस्त्यावर वर्दळ होती आणि म्हातारी माणसे घराबाहेर पडत होती, तिथे ती वाचली, तर ओस पडलेल्या वस्तीत दारे बंद करून बसलेली गेली. पत्र्याच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या आजीला संध्याकाळी चार माणसांत येऊन बसण्याचे निमित्त मिळणे, ही बाब मी करमणुकीच्या खात्यात टाकणार नाही.

आता आवाजाकडे येतो, कारण आमच्या घरातील सर्वांत कडवट भांडण त्यावरच झाले. सोलापुरात जयंती आणि उत्सवांच्या मिरवणुकांतील डीजेविरुद्ध नागरिक उघडपणे बोलू लागले आहेत आणि दादा त्यांच्यात आहे. मैदानावर आणखी कार्यक्रम म्हणजे आणखी भिंती थरथरणार, अशी त्याची धास्ती आहे. कायदा त्याच्या बाजूने आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे आणि रात्री १० नंतर ध्वनिवर्धकाला बंदी आहे. राज्य सरकार वर्षातून फार तर १५ दिवस ती मध्यरात्रीपर्यंत सैल करू शकते. शिकागोच्या मिलेनियम पार्कमधील व्यासपीठाची रचना दादाने पाहावी, असे मला यासाठीच वाटते. तिथे हिरवळीवर लोखंडी कमानींची जाळी आहे आणि तिला ठिकठिकाणी ध्वनिवर्धक टांगलेले आहेत. प्रत्येक श्रोत्याला आवाज जवळून मिळत असल्यामुळे तो मोठा करावा लागत नाही आणि मागच्या रांगेपर्यंत पोहोचवण्यासाठी पुढच्या रांगेचे कान फोडावे लागत नाहीत. आपल्याकडे ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत नेमके उलटे करते. लोखंडी जाळी आपल्याला नको. बांबूच्या खांबांवर टांगलेले आठ-दहा लहान कर्णे हेच काम करतील.

त्या मिलेनियम पार्कचे सगळेच अनुकरणीय आहे, असे कोणी समजू नये. सुमारे १५ कोटी डॉलरचा अंदाज असलेला हा प्रकल्प चार वर्षे उशिरा, २००४ मध्ये, खुला झाला, तोवर खर्च ४७ कोटींच्या पुढे गेला होता. त्याहून वाईट उदाहरण म्हणजे तिकीट लावून होणारे खासगी संगीत महोत्सव. १८३६ च्या एका नकाशावर ग्रँट पार्कची जागा कायम मोकळी, इमारतींविना राहील असे लिहिलेले होते आणि त्या शब्दांवरून पुढे वर्षानुवर्षे खटले चालले. त्याच ग्रँट पार्कला २००५ पासून दर उन्हाळ्यात लोलापलूझा या अशाच महोत्सवासाठी कुंपण पडते. पश्चिमेकडील डग्लस पार्कमध्ये रायट फेस्ट या दुसऱ्या महोत्सवामुळे आजूबाजूच्या कामगार वस्त्यांतील मुलांना खेळायचे मैदान मिळेनासे झाले, तेव्हा रहिवाशांनी अनेक वर्षे निषेध केला. सोलापुरात होम मैदानाचे नाव संक्रांतीच्या होमविधीवरून पडले आहे, पण उरलेल्या वर्षात त्यावर प्रदर्शने आणि सभा यांचाच हक्क अधिक चालतो. उन्हाळी महोत्सवाच्या नावाखाली तेथे आणखी एक प्रायोजकांचा मांडव पडणार असेल, तर मी दादाच्या बाजूला जाऊन बसेन.

म्हणून माझा आग्रह मध्यवर्ती भव्य सोहळ्याचा नाही. हुतात्मा स्मृती मंदिरात नाटके होतात आणि व्हावीतच. याच गावच्या शाहीर राम जोशींनी तमाशाच्या फडासाठी लावण्या रचल्या, याच गावच्या शाळेत जब्बार पटेल शिकले, तेव्हा कलेची उणीव इथे कधी नव्हती. अडचण अंतराची आहे. विडी कामगार स्त्रियांसाठी शहराबाहेर कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीची १०,००० घरे उभी राहिली, पुढे रे नगर ही कामगार वसाहत वसली, आणि तिथून रात्री नाटक पाहून परतायचे म्हणजे रिक्षाचे भाडे तिकिटाइतके होते. पूर्व भागातील यंत्रमागाच्या गल्ल्यांत तेलुगू बोलणारा शेजारी, मराठी घरमालक, पलीकडचे कानडी दुकान आणि उर्दू शाळा एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत, पण एका व्यासपीठासमोर ती क्वचितच बसतात. शिकागोतील आमचे मराठी कार्यक्रमसुद्धा भाड्याच्या सभागृहात, आपल्यातच होतात, तेव्हा या बाबतीत मला उपदेश करण्याचा अधिकार नाही, हेही कबूल करतो.

हे सगळे मी फोनवर अक्काला, म्हणजे आतेबहिणीला, सांगितले. ती कुंभारीच्या बाजूला राहते आणि वादात पडत नाही. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि तीन गोष्टी विचारल्या. बायकांसाठी मुतारी असेल का, ती कुलूप न लावलेली असेल का आणि शेवटची सिटीबस किती वाजता सुटेल. मग म्हणाली की हे असेल तर ती शेजारच्या चौघींना घेऊन येईल, गाणे कोणते का असेना.