सील बदललं, तरी गळतंच!

आजोबांच्या गाडीच्या मागच्या ब्रेकचं सील 3 वेळा बदललं, आज पुन्हा चाकाच्या आतल्या बाजूला ब्रेक ऑइलचा ओघळ! अरे, नुसतं सील काय बदलताय? व्हील सिलिंडर, म्हणजे ते सील ज्यात बसतं तो चाकाजवळचा छोटा सिलिंडर, उघडून आत नख फिरवा ना! गंजाचे खड्डे नखाला लागतात, त्यावर कितीही नवं रबर बसवा, ते झिजणारच. आणि 'हेच बसतं' म्हणून जे सील देतात, त्याचं माप कोण बघतं? 3/4 इंच आणि 13/16 इंच डोळ्यांना सारखंच दिसतं हो. ब्रेक होजचं, म्हणजे ब्रेक ऑइल नेणाऱ्या रबरी नळीचं, तर विचारूच नका. बाहेरून धडधाकट, आतून सुजलेला; पेडलवरचा पाय काढला तरी चाक जखडलेलंच. जिवापाड जपलेली गाडी आहे ही. अंदाजाने पार्ट बदलू नका, आधी उघडून बघा!