दोन स्टारच्या अभिप्रायाला इस्तंबूलमधल्या कादिकॉय भागातल्या आमच्या कॉफीघराचं उत्तर

नमस्कार ताई,

अभिप्राय वाचला. एवढ्या लांब येऊन आपला हिरमोड झाला, त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करते. पण "एवढासा कप, त्यात अर्धा गाळ, वर साखर मागितली तर नकार" हे वाचून गप्प बसवत नाही. इस्तंबूलला येणारी आपली माणसं असले अभिप्राय वाचूनच कुठे जायचं ते ठरवतात आणि आमचं घर या दुकानावर चालतं.

तुर्की कॉफी गाळत नाहीत. पिठाइतकी बारीक पूड, पाणी आणि साखर एकत्रच जेझवेत, म्हणजे लांब दांड्याच्या तांब्याच्या भांड्यात, मंद आचेवर चढवतात. म्हणून साखरेचं आधी विचारावं लागतं: बिनसाखरेची, थोडी, मध्यम की गोड. आमच्या मुलाने आपल्याला दोनदा विचारलं. आपण फोनवर होतात, हातानेच "काहीही चालेल" केलंत. मी गल्ल्यावरच बसले होते. त्याने मध्यम केली. नंतर साखर घालून ढवळलं की खाली बसलेला गाळ वर येतो, एवढंच तो सांगत होता. त्याला आपण नकार म्हणता. तरी पर्समधली पुडी निघालीच, चमचा फिरला, आणि कप तळापर्यंत रिकामा झाला. मग दातांत पूड येणार नाही तर काय होणार? तळचा गाळ कपातच सोडायचा असतो. कप 60-70 मिलिलिटरचाच असतो, सगळ्या तुर्कस्तानात. ही आमची काटकसर नव्हे. याच कॉफीच्या परंपरेला युनेस्कोने 2013 साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं आहे.

उशिराबद्दलही लिहिलंत. आपण चौघी, चौघींची साखर वेगळी, म्हणजे चार जेझवे. उकळी फुटण्याआधी फेस वर चढतो, तो आधी चमच्याने कपात काढायचा, मग उरलेली कॉफी पुन्हा आचेवर. बिनफेसाची कॉफी पाहुण्यापुढे ठेवायची इथे लाज वाटते. तो फेस आपला व्हिडिओ होईपर्यंत बसला, ते जाऊ दे.

माझ्या सासूबाईंनी भविष्य सांगितलं नाही, हीही तक्रार. कप बशीवर उपडा घालून गार झाला की आतल्या गाळाच्या आकृत्या वाचतात. गाळच पिऊन टाकल्यावर त्या वाचणार काय? त्या याचे पैसे घेत नाहीत, हौस म्हणून बघतात. "भविष्यावर विश्वास ठेवू नकोस, पण त्याच्यावाचून राहूही नकोस", असं इथली माणसं म्हणतात.

मेन्यूकार्डावर मराठीत दोन ओळी टाकायचं बघते, सीझन संपला की.

आणि पाण्याचे पैसे लावले म्हणता. कॉफीबरोबरचा पाण्याचा पेला आणि लोकुम, म्हणजे तुर्की मिठाईचा तुकडा, यांचे पैसे आम्ही कधीच लावत नाही. तो पेला कॉफीआधी तोंड स्वच्छ करायला असतो. बिलात लावलंय ते निघताना आपण घेतलेल्या बाटलीचं पाणी. तेवढं वाक्य तरी काढून टाकावं, ही विनंती.