छान, पण जरा धूसर

"छान! पण जरा धूसर वाटतोय. काकांचा जास्त क्लिअर आलाय."

सोसायटीच्या ग्रुपवर आज सकाळी सात वाजून चार मिनिटांनी माझ्या फोटोला मिळालेला हा एकमेव लेखी अभिप्राय. बाकी अंगठे, तेही मोजून तीन. त्यातला एक घरचा. काकांच्या फोटोखाली मात्र अंगठे, जोडलेले हात, लाल बदाम आणि एक 'ॐ नमः शिवाय'.

काल ७ सप्टेंबर २०२५, खग्रास चंद्रग्रहण. आदल्या दिवशी बाप्पा गेलेले, त्यात रविवार, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं ग्रहण भारतातून दिसणार. भाद्रपदातलं ग्रहण पुण्यातून टिपणं हा निम्मा जुगारच असतो. पण नऊच्या सुमाराला ढग फाटले आणि मी सामान गच्चीवर चढवलं.

सामान म्हणजे चारशे मिलीमीटरची लेन्स, कॅमेरा, ट्रायपॉड आणि ट्रॅकर, म्हणजे आकाशाच्या चालीने कॅमेरा फिरवणारं यंत्र. चारशे कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी सोपा हिशोब आहे. लेन्सच्या मिलीमीटरला ११० ने भागा, तेवढ्या मिलीमीटरचा चंद्र सेन्सरवर पडतो. चारशेला जेमतेम साडेतीन. माझ्या सेन्सरची उंची पंधरा, म्हणजे चौकटीचा पाव भाग चंद्र आणि उरलेला काळोख. पिक्सेलमध्ये मोजला तर व्यास नऊशेच्या आसपास. मोबाइलच्या साध्या लेन्सने काढलेल्या फोटोत चंद्र साबुदाण्याएवढा का दिसतो, त्याचं कारणही हेच.

ट्रॅकरची कथा वेगळी. पौर्णिमेचा चंद्र टिपायला तो लागतच नाही. एफ/८, आयएसओ २००, सेकंदाचा अडीचशेवा भाग, झालं काम. उन्हातला दगडच तो, उन्हातल्या दगडासारखा टिपायचा. पण खग्रास झाला की प्रकाश दहा हजार पटीने किंवा त्याहूनही जास्त घसरतो. मग एफ/५.६, आयएसओ १६०० ठेवूनही शटर एक-दोन सेकंद उघडं धरावं लागतं. आणि आकाश सेकंदाला पंधरा विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकतं, चारशेच्या लेन्सवर साधारण सात पिक्सेल. दोन सेकंदांत चौदा. म्हणजे चंद्राचा लाडू न होता करंजी होते. ट्रॅकर नसेल तर आयएसओ ६४०० करा, पाव सेकंदावर थांबा आणि दाणेदार फोटोला 'कलात्मक' म्हणा.

ट्रॅकरचा आस ध्रुवताऱ्याकडे रोखायचा असतो. पुण्यात ध्रुव क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर. त्या उंचीवर आमच्या उत्तरेला शेजारच्या सोसायटीची पाण्याची टाकी आहे. ध्रुवबाळाला अढळपद मिळालं ते आमच्या गच्चीवरून टाकीमागे मिळालं. मग होकायंत्र काढायचं. पुण्यात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत अंशाचासुद्धा फरक नाही, ही त्यातल्या त्यात देवाची कृपा. पण होकायंत्र स्लॅबवर ठेवायचं नाही, आतल्या सळया त्याला फिरवतात. छातीशी धरून दिशा घ्यायची, उतार मोजून साडेअठरा लावायचे. दोन अंश चुकले तरी दोन सेकंदांत जेमतेम अर्धा पिक्सेल घसरतो, तेवढा चालतो.

फोकस चंद्रावर करू नये. पौर्णिमेला त्यावर सावल्याच नसतात, डोळा फसतो. काल डावीकडे वीतभर खाली शनी होता. लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून तो ठिपका बारीकात बारीक केला आणि फोकसच्या कड्याला चिकटपट्टी लावली. स्टॅबिलायझेशन बंद, कारण ट्रायपॉडवर ते नसलेली थरथर शोधत बसतं आणि स्वतःच थरथरतं. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने न शिजवलेली, आणि रंगतोल (व्हाइट बॅलन्स) उन्हाचा, पक्का. तो ऑटोवर ठेवला तर कॅमेरा लाल चंद्राला 'बरा' करायला बघतो.

आणि दवाची पट्टी. ही शेवटी सांगतोय, कारण सगळं हिच्यापायीच झालं. लेन्सची समोरची काच मोकळ्या आकाशाकडे तोंड करून बसते, उष्णता वर फेकत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षा गार होते. भाद्रपदातली हवा आधीच ओली. तासाभरात काचेवर दव. म्हणून लेन्सच्या तोंडाभोवती कापडी पट्टी गुंडाळतात, आत बारीक तारा, पाच-सहा वॉटची ऊब. दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेवर पाच तास निघतात. काचेला हवेपेक्षा दोन-तीन अंश वर ठेवलं की पुरे. काम एवढंच, पण त्यात खंड नको.

नऊ सत्तावन्नला स्पर्श झाला, म्हणजे ग्रहण लागलं, आणि त्याच मिनिटाला तिसऱ्या मजल्यावरचे काका वर आले. अंगात बंडी, गळ्यात मफलर (सप्टेंबरात!), एका खिशात मोबाइल, दुसऱ्या खिशात काहीतरी खुळखुळणारं.

"काय, दिसतोय का?"

चंद्र आम्हा दोघांच्याही डोक्यावर होता. "दिसतोय, काका."

"नाही, यातून दिसतोय का?"

"यातूनही दिसतोय."

"किती झूम?"

"झूम नाही ही. चारशे मिलीमीटर."

"म्हणजे किती एक्स?"

"तसं नसतं त्यात."

"माझा शंभर एक्स आहे," काका म्हणाले, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी रेशनच्या रांगेत उभा आहे. मग किंमत विचारली. मी निम्मी सांगितली. "एवढ्यात चांगला गिझर आला असता. आज मोक्षाला उपयोगी पडला असता." त्यांच्या घरी मोक्षाच्या, म्हणजे ग्रहण सुटल्यावरच्या, आंघोळीची बादली आधीच भरून ठेवली होती, लोणच्याच्या बरणीवर तुळशीपत्र होतं आणि काकूंनी दुपारपासून वेध पाळले होते. काकांनीही पाळले होते. मग ते खुळखुळणारं बाहेर निघालं. खारे शेंगदाणे.

"काका, वेध?"

"कोरड्याला वेध नसतात."

हे त्यांनी इतक्या अधिकाराने सांगितलं की माझ्या हातून दोन दाणे घेतले गेले.

काकांजवळ पंचांगाचं कात्रण होतं. स्पर्श, संमीलन (चंद्र पूर्ण झाकला जातो ते), मध्य, उन्मीलन (पुन्हा उघडू लागतो ते), मोक्ष. मोक्षासमोर वेळ होती २५ वाजून २७ मिनिटं, कारण पंचांगाचा दिवस मध्यरात्री संपत नाही. माझ्या तक्त्यात १.२७. मिनिटाचाही फरक नव्हता. "बघा, नासाने सगळं आपल्याकडूनच घेतलंय," काका म्हणाले. वाद घालायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण या बाबतीत आपला माणूस खरोखरच मोठा आहे, आणि काकांना नेमका तोच माहीत नव्हता. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० साली 'ग्रहलाघव' लिहिलं. ज्या-कोटिज्यांचं (साइन-कोसाइनचं) जंजाळ बाजूला ठेवून नुसत्या गुणाकार-भागाकारांनी ग्रहणाचं गणित करून दाखवलं. पुढे कित्येक पिढ्या पंचांगं त्यावर निघाली. चंद्राला भूछाया झाकते हे तर आर्यभटाने त्याच्याही हजार वर्षं आधी सांगून ठेवलेलं. एवढं होऊन आम्ही अजून लोणच्यावर तुळस ठेवतो. असो. तुळशीने लोणच्याचं काही बिघडत नाही.

मी हे सगळं सांगत असताना काकांनी वाकून लेन्सच्या तोंडात पाहिलं. "हे झाकण काढायचं राहिलंय," म्हणत त्यांनी बोट आत घातलं. झाकण नव्हतं, काच होती. शेंगदाण्याचं तेल, वर मीठ. अशा वेळी माणूस सदऱ्याचं टोक पुढे करतो. करू नये. मिठाचा कण कापडाखाली आला तर काचेवरचा लेप ओरखडतो. आधी रबरी फुग्याने हवा मारायची, मग लेन्सच्या कागदावर थेंबभर द्रव घेऊन मधून कडेकडे गोल पुसायचं. थेंब कागदावर, काचेवर नाही. यात माझी सात मिनिटं गेली. तेवढ्यात चंद्राचा आणखी एक घास गेला आणि सोसायटीचा पंप सुरू झाला. स्लॅब थरथरतो ते पायांना कळत नाही, चारशेच्या लेन्सला कळतं.

अकरा वाजून एक मिनिटाला संमीलन. त्याच्या जरा आधी, उजेडाची शेवटची चिरी उरते तेव्हा, लाल आणि पांढऱ्याच्या मधे एक फिकट निळसर पट्टा दिसतो. वातावरणाच्या वरच्या थरातला ओझोन लाल शोषतो, त्याची ती खूण. डोळ्यांना जेमतेम जाणवते, फोटोत सापडते, पण त्यासाठी शटर कमी-जास्त वेळ उघडं ठेवून एकामागून एक सहा-सात फोटो घ्यावे लागतात. मी ते घेत होतो. चौथ्याला लख्ख पांढरा उजेड पडला. काकांनी मोबाइलची बॅटरी लावली होती.

"अंधारात चाचपडताय, म्हटलं मदत करावी."

माझ्या डोक्यावर लाल कागद लावलेला दिवा होता. काकांना तो धार्मिक वाटला होता.

पुढची वीस मिनिटं मात्र खरोखर सुंदर होती, आणि ती काकांमुळे बिघडली असं मी म्हणणार नाही. खग्रास चंद्राच्या रंगाला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंद्रे दांजों यांची शून्य ते चारची श्रेणी लावतात. शून्य म्हणजे जवळपास दिसेनासा, चार म्हणजे तांब्यासारखा केशरी. मी वहीत दोन आणि तीनच्या मधे घुटमळत होतो. काकांनी मुठीतला दाणा चोळला, वर बघितलं, आणि साल माझ्यापुढे धरलं.

"हा रंग."

तंतोतंत हा रंग. मी वहीत लिहिलं, 'दांजों २.५, शेंगदाण्याचं साल.'

साडेअकरानंतर तारे मंदावले. मला वाटलं ढग. पण वर आकाश स्वच्छ. पडद्यावर चंद्राभोवती दुधाळ वलय, कडा विरघळलेली. काचेवर बोट धरलं तर ओलं. पट्टी गार. वायर खाली लोंबतेय. वायरच्या जागी दुसरी वायर, तिच्या टोकाला काकांचा मोबाइल.

"चार टक्के राहिली होती हो. तुमचं ते नुसतंच पडलेलं दिसलं."

नुसतंच पडलेलं! पॉवर बँकेचे चारातले दोन दिवे विझले होते. जलद चार्जिंग. दव पुसायचं नसतं, पुसलं की गार काचेवर लगेच दुसरं बसतं. ऊब देऊन उडवायचं. केस वाळवायचा ड्रायर असेल तर हातभर लांबून, पण गच्चीवरचा एकमेव प्लग लिफ्टच्या खोलीत आणि त्या खोलीची किल्ली सेक्रेटरींकडे. पट्टी पुन्हा जोडली आणि वाट बघितली. काच साफ झाली बारा वाजायला पाच मिनिटं कमी असताना. ग्रहणमध्य ११.४२. मध्याचा माझ्याकडे एकच फोटो आहे, दवातून काढलेला. तोच ग्रुपवर टाकला, कारण मध्य तो मध्य.

आणि त्याच ११.४२ला, माझ्या विजेवर, काकांनी हात उंच करून एक टिचकी मारली. मोबाइलने दोन सेकंद विचार केला आणि चंद्र हजर केला. स्वच्छ, टवटवीत, सगळी विवरं जागच्या जागी, वरून एकसारखा शेंदूर.

मी तो फोटो आज सकाळी नीट मोठा करून पाहिला. कालचा चंद्र पृथ्वीच्या सावलीच्या मध्याच्या जरा दक्षिणेकडून गेला, त्यामुळे त्याची दक्षिण कड, टायको विवराची बाजू, शेवटपर्यंत उजळ राहिली. माझ्या धूसर फोटोतसुद्धा ती उजळ आहे. काकांच्या फोटोत नाही. ती नाही, कारण तो कालचा चंद्र नाहीच. मोबाइलला चंद्र कसा असतो ते पाठ आहे. त्याला वर काहीतरी गोल आणि तांबूस दिसलं, बाकीचं त्याने मनाने लिहिलं. शाळेत याला कॉपी म्हणायचे, आता फीचर म्हणतात. आणि लोकांना तोच हवा असतो, याचा मला खरंच राग येतो. साडेपाच किलो सामान चार मजले चढवून, टाकीमागचा ध्रुव अंदाजाने धरून, जे होतं ते आणावं, आणि जे नव्हतं त्याने जिंकावं.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. दक्षिण कड, टायको, सावलीचा मध्य, बाणाने दाखवून. उत्तर आलं, "ओके सर." त्याखाली सेक्रेटरींचं, "गच्चीची किल्ली अजून जमा झालेली नाही."

किल्ली द्यायला उतरलो तर जिन्यात काका. ताजी आंघोळ, कपाळाला गंध, मोबाइल शंभर टक्के. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नका. पुढचं कधी आहे?"

म्हटलं, पुढचं येत्या ३ मार्चला, पण ते आपल्याकडे चंद्र उगवेपर्यंत संपतच आलेलं असेल. डोक्यावर नीट खग्रास दिसेल ते ३१ डिसेंबर २०२८ला, मध्य रात्री सव्वादहा-साडेदहाच्या दरम्यान.

"थर्टी फर्स्टला? म्हणजे गच्चीवर डीजे असणार," काका म्हणाले. दोन पायऱ्या उतरले, थांबले, वळले. "तेव्हा पॉवर बँक जरा मोठी आणा."