खुलासा : ते चित्र एक्सप्रेशनिस्ट नाही

भट्टीच्या लालभडक उजेडात तापलेलं लोखंड ओढणारे कामगार, असं एक चित्र ‘जर्मन एक्सप्रेशनिझमने रंगवलेला पहिला कारखाना’ म्हणून सध्या फिरतंय. चित्र खरं आहे, ओळ चुकीची. (एक्सप्रेशनिझम म्हणजे डोळ्यांना दिसतं तसं न रंगवता मनातली भावना रंग-आकारांतून मांडणारी कलाचळवळ.)

हे जर्मन चित्रकार आडॉल्फ मेन्झेलचं ‘रोलिंग मिल’ (लोखंड लाटण्याचा कारखाना), १८७२ ते १८७५ या काळातलं. मेन्झेल वास्तववादी. तो वरच्या सायलेशियातल्या (तेव्हा जर्मनीत, आता पोलंडमध्ये) क्योनिग्सह्यूटच्या कारखान्यात जाऊन बसला, शंभरावर रेखाटनं केली आणि मग हे चित्र रंगवलं. रेल्वेचे रूळ लाटले जातायत, डावीकडे पाळी संपलेले कामगार अंग धुतायत, उजव्या कोपऱ्यात काहीजण जेवतायत. (ही जेवणारी मंडळी नीट पाहा, मला तरी चित्राचा जीव तिथेच वाटतो.) मेन्झेल वारला १९०५ साली, आणि ‘डी ब्रुके’ हा एक्सप्रेशनिस्टांचा गट ड्रेस्डेनमध्ये स्थापन झाला तोही त्याच वर्षी. म्हणजे चित्र गटापेक्षा तीस वर्षांनी थोरलं!

लाल रंग दिसला की एक्सप्रेशनिझम, हा हिशेब काही खरा नाही. मेन्झेलचा लाल रंग भट्टीतून येतो. ‘डी ब्रुके’तल्याच एरिक हेकेलच्या १९०७ च्या ‘वीटभट्टी’त मात्र रंग जाड फटकाऱ्यांनी उधळलाय, भट्टी हे केवळ निमित्त.

एक्सप्रेशनिस्टाने रंगवलेले कामगारच पाहायचे असतील तर जर्मन चित्रकार कॉनराड फेलिक्समुलर शोधा. १९२० मध्ये रोमला जाण्यासाठी मिळालेली शिष्यवृत्ती घेऊन हा गडी जर्मनीतल्याच रूर भागातल्या कोळसा खाणींकडे गेला.