'ऑटिस ब्लू' उरकलेला नाही!

'ऑटिस ब्लू' म्हणजे अमेरिकन गायक ऑटिस रेडिंगचा अल्बम. आज त्याच्याबद्दल पुन्हा तेच ऐकलं. "ऑटिस रेडिंगचा तो अल्बम ना? एका दिवसात उरकलेला. वर निम्म्याहून जास्त गाणी दुसऱ्यांची." डोकंच फिरलं.

उरकलेला? जुलै 1965, मेम्फिस. स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ म्हणजे जुनं सिनेमागृह, जमीन अजून उतरतीच. 9 तारखेला सकाळी बसले. रात्री आठला थांबले, कारण वादकांना क्लबात वाजवायला जायचं होतं, पोट त्यावर होतं. दोन वाजता परत आले आणि सकाळपर्यंत काम पुरं केलं. गिटारवर स्टीव्ह क्रॉपर, बेस गिटारवर डक डन, ड्रमवर अल जॅक्सन, ही माणसं रोज एकत्र वाजवायची. ती तयारी 24 तासांची नव्हे.

त्यांचा ठेका वाजवून बघा म्हणजे कळेल. दोनच महिन्यांपूर्वी, गायक विल्सन पिकेटच्या रेकॉर्डिंगला, याच लोकांना चारपैकी दुसरी आणि चौथी मात्रा केसभर उशिरा टाकायची खुबी सापडली होती. स्नेअर (काठीने वाजणारा कडक आवाजाचा ड्रम) आणि गिटारचा तुकडा एकदम, जरासा मागे. किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि बेस मात्र जागच्या जागी. आपल्याकडचे बँड इथेच फसतात: स्नेअरबरोबर किकही मागे ओढतात, मग गाणं डुलत नाही, नुसतं संथ होतं. आधी किक-बेस पक्के बसवा, स्नेअर नंतर सरकवा.

आणि ब्रास, म्हणजे फुंकून वाजवायची वाद्यं! मागे कोरस गाणारं कुणी नाही, ते काम ट्रम्पेट-सॅक्सोफोन करतात. त्यांच्या ओळी ऑटिस तोंडाने गाऊन द्यायचा. सोप्या, आखूड, गायकाने श्वास घेतला की आत. गायकाच्या शब्दावर ब्रास चढवलात तर दोन्ही मेले. अल्बममधलं 'सॅटिस्फॅक्शन' मुळात रोलिंग स्टोन्स या बँडचं; त्याची ती सुरुवातीची सुरावट त्यांचा गिटारवादक कीथ रिचर्ड्सच्या मनात मुळात ब्रासचीच होती, गिटार फक्त जागा धरायला. ती ब्रासवर आणली ऑटिसने, मूळ गाणं आल्यावर महिना-सव्वा महिन्यात.

बरं, 11 पैकी 8 गाणी दुसऱ्यांची, मान्य. 'माय गर्ल'मध्ये फार काही नवं केलेलं नाही, तेही मान्य. पण 'रिस्पेक्ट' त्याचं स्वतःचं. 1967 मध्ये गायिका अरेथा फ्रँकलिनने ते कायमचं आपलं केलं हे खरं, पण हक्क मागायला आधी गाणं तर हवं होतं!

गायक सॅम कुकची तीन गाणी आहेत यात. तो डिसेंबर 1964 मध्ये गोळी लागून गेला होता. 'अ चेंज इज गॉना कम'मध्ये कुकच्या मागे व्हायोलिनांचा अख्खा ताफा आहे. ऑटिसच्या गाण्यात तो ताफा नाही, त्या जागी ब्रास, आणि आवाज खरखरीत, जागोजागी तुटणारा. त्याला ओरडणं म्हणू नका हो. हेडफोन लावा, शब्द सोडून द्या आणि ओळ संपल्यावर ऑटिस किती वेळ गप्प राहतो तेवढंच मोजा. त्या गप्प राहण्यात कुठेही घाई नाही. दोन वाजता थकून परत आलेल्या त्या माणसांनीही केलेली नाही.